हेन्री बेमिसचा चष्मा

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें उरकल्यावर सर्व मंडळींनीं माजघरांत तासभर एकत्र बसावें, हा परिपाठ आमच्या तीर्थरूपांच्या वेळेपासून चालत आलेला आहे. त्या काळीं पोथी होत असे. आतां ज्याला जें सुचेल तें होतें. गेल्या श्रावणांत एके रात्रीं आमच्या नातवानें भिंतीवरील दूरदर्शन-संचावर एक जुनें, रंगहीन अमेरिकन नाटक लाविलें. “आजोबा, अवघें पंचवीस मिनिटांचें आहे आणि पुस्तकांविषयीं आहे, मध्येंच झोपूं नका,” असें त्यानें आम्हांस अगोदरच बजावून ठेविलें होतें. आम्ही झोपलों नाहीं. नाटक संपलें तेव्हां दहा वाजले होते; परंतु त्यानंतर माजघरांत जो वाद पेटला तो साडेअकरा वाजले तरी विझेना. अखेर उद्यां शाळा-कचेऱ्या आहेत याची आठवण सूनबाईंनीं करून दिली, म्हणून दिवे मालवले गेले. पुढें नातवाकडून समजलें कीं, ज्या प्रश्नांवरून आम्ही हमरीतुमरीवर आलों तेच प्रश्न घेऊन त्या मालिकेचे अमेरिकन भक्त पासष्ट वर्षांहून अधिक काळ भांडत आहेत. एवढा दीर्घायुषी वाद पंचवीस मिनिटांच्या नाटकांत कोठून आला, हें पाहण्यासारखें आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मालिकेचें नांव ‘द ट्वायलाइट झोन’, म्हणजे संधिप्रकाशाचा प्रदेश. अमेरिकेंतील सीबीएस या प्रक्षेपण-संस्थेनें ती २ ऑक्टोबर १९५९ रोजीं सुरू केली व १९ जून १९६४ पर्यंत पांच हंगामांत तिचे १५६ भाग दाखविले. हल्लींच्या मालिकांत एकच कुटुंब आणि त्याचें एकच रडगाणें वर्षानुवर्षें चालतें, तसा येथें प्रकार नव्हता. दर आठवड्यास नवी कथा, नवीं पात्रें, नवें स्थळ. कधीं परग्रहावरचे प्राणी, कधीं मागें फिरलेला काळ, तर कधीं बोलणारी बाहुली. या सर्वांस एका सूत्रांत ओवणारा पुरुष मात्र एकच, रॉड सर्लिंग. १५६ पैकीं ९२ भागांचें लेखन त्यानें स्वतः केलें, आणि आरंभीं व शेवटीं सूत्रधाराप्रमाणें दोन शब्द बोलण्याचें कामही आपल्याकडेच ठेविलें. पहिल्या हंगामांत कथेच्या आरंभीं त्याचा केवळ आवाज ऐकूं येई. दुसऱ्यापासून तो स्वतःच पडद्यावर येऊन नांदी म्हणूं लागला.

संधिप्रकाश हें नांव आम्हांस विशेष आवडलें. दिवस नव्हे व रात्र नव्हे अशा वेळीं, घरांत नव्हे व बाहेर नव्हे अशा उंबरठ्यावर नृसिंहानें हिरण्यकशिपूचें पोट फाडलें, ही कथा आपल्याकडे लहान पोरासही ठाऊक असते. मिळालेला वर अगदीं चिरेबंद दिसतो. पण त्यांत कोठें तरी एक फट राहिलेली असते, आणि तेथूनच घात आंत शिरतो. सर्लिंगच्या पुष्कळ कथांची घडण नेमकी अशीच आहे. फरक इतकाच कीं, आपल्या पुराणांत असा वर असुरास मिळतो, त्यामुळें फट सांपडली म्हणजे ऐकणाऱ्यास समाधान वाटतें. प्रस्तुत नाटकांतील वर एका निरुपद्रवी कारकुनास मिळाला आहे.

त्या नाटकाचें नांव ‘टाइम इनफ ॲट लास्ट’, म्हणजे ‘अखेर पुरेसा वेळ मिळाला’. मूळ कथा लिन व्हेनेबल या लेखिकेची. ती ‘इफ’ नांवाच्या विज्ञानकथांच्या मासिकांत जानेवारी १९५३ मध्यें छापून आली होती. सर्लिंगनें तिचें नाट्यरूपांतर केलें, जॉन ब्राम यानें दिग्दर्शन केलें, आणि २० नोव्हेंबर १९५९ रोजीं मालिकेचा आठवा भाग म्हणून ती अमेरिकेंत घरोघर पाहिली गेली. मुख्य भूमिका बर्जेस मेरेडिथ या नटाची. इतका बोलका चेहरा आम्हीं चित्रपटांत फारसा पाहिला नाहीं.

हेन्री बेमिस हा बँकेच्या खिडकीवर पैसे मोजून देणारा कारकून. वाचन हें त्याचें एकमेव व्यसन. मांडीवर डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ उघडी ठेवून तो नोटा मोजतो, आणि समोरच्या बाईस पैसे कमी देऊन वर तिला त्या कादंबरींतील पात्रांच्या गोष्टी सांगूं लागतो! साहेब त्याला खोलींत बोलावून तंबी देतात. तेव्हां तो काकुळतीनें सांगतो कीं, घरीं बायको वर्तमानपत्रसुद्धां वाचूं देत नाहीं. जेवणाच्या मेजावरील मसाल्यांच्या बाटल्यांचीं चिठ्ठ्यांवरचीं अक्षरें वाचून तो भूक भागवीत असे, तर आतां त्याही बंद झाल्या. प्रेक्षक हंसतात. पुढच्याच प्रवेशांत तें हंसूं गोठतें. पत्नी हेलन हिला त्याचें कवितांचें पुस्तक सांपडलेलें असतें. “यांतील कांहीं वाचून दाखवा ना,” असें ती गोड आवाजांत सुचविते. बिचारा हर्षभरित होऊन पुस्तक उघडतो, तों प्रत्येक पानावरील ओळीन् ओळ तिनें काट मारून रद्द केलेली. एवढ्यानेंही तिचें समाधान होत नाहीं. ती पानें टराटरा फाडते.

दुसऱ्या दिवशीं दुपारच्या सुट्टींत बेमिस आपली शिदोरी घेऊन बँकेच्या तळघरांतील तिजोरीच्या खोलींत शिरतो. ती पोलादी, जाड भिंतींची खोली म्हणजे त्याचें गुप्त वाचनालय. हातांतील वर्तमानपत्रावर हायड्रोजन बाँबची बातमी मोठ्या अक्षरांत आहे. इतक्यांत खिशांतील घड्याळाची कांच आपोआप तडकते, पाठोपाठ धरणी हादरते. तो बाहेर येतो तों शहर राहिलेलें नाहीं. साहेब नाहींत, गिऱ्हाइकें नाहींत. घराच्या ढिगाऱ्यांत तो हेलनला हांका मारीत फिरतो. डबाबंद अन्न वर्षानुवर्षें पुरेल इतकें सांपडतें. पण बोलावयास एक माणूस नाहीं. तो एकांत असह्य होऊन एका पडक्या दुकानांतील पिस्तूल तो कानशिलाशीं नेतो, आणि त्याच क्षणीं त्याची नजर समोरच्या भग्न इमारतीकडे जाते. तें सार्वजनिक ग्रंथालय असतें.

यापुढील दोन मिनिटें आम्हीं श्वास रोधून पाहिलीं, हें कबूल करण्यास संकोच वाटत नाहीं. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बेमिस पुस्तकांचे ढीग रचतो. हा जानेवारीचा, हा फेब्रुवारीचा, हें पुढचें वर्ष, हें त्याच्या पुढचें. ज्यानें आयुष्यांत एकदां तरी निवृत्तीनंतर काय काय वाचावयाचें याची यादी केली असेल त्याला त्या पायऱ्यांवरील आनंद समजावून सांगावा लागणार नाहीं. आमची स्वतःची यादी आम्हीं शाळेच्या हजेरीपटाच्या मागल्या कोऱ्या पानावर केली होती, आणि तिच्या आरंभीं संपूर्ण ‘राजतरंगिणी’ होती. असो. बेमिस शेवटचें एक पुस्तक उचलावयास वांकतो. चष्मा नाकावरून घसरतो, दगडी पायरीवर पडतो, आणि फुटतो. हा न्याय नव्हे, आतां कुठें वेळ मिळाला होता, एवढेंच तो पुटपुटत राहतो. नाटक संपतें.

वेताळपंचविशींत वेताळ कथा सांगून थांबत नाहीं. तो विक्रमास प्रश्न घालतो, आणि उत्तर ठाऊक असून बोलला नाहींस तर डोक्याचीं शंभर शकलें होतील अशी धमकी देतो. सर्लिंगनें कथा सांगितली, पण प्रश्न घातला नाहीं. त्यामुळें प्रेक्षकांवरच विक्रम आणि वेताळ अशा दोन्ही भूमिका करण्याची पाळी आली. या मालिकेच्या नांवाचें एक मासिकच अमेरिकेंत १९८१ ते १९८९ पर्यंत चाललें. सर्लिंगचें बालपण ज्या बिंगहॅम्टन गांवीं गेलें तेथें त्याच्या नांवें मेळावे भरतात. नववर्षाच्या सुमारास तेथील एक वाहिनी या भागांचें अखंड पारायण दाखविते. अशा ठिकाणीं जमणाऱ्या भक्तमंडळींत बेमिसचा विषय निघाला कीं तास दोन तास सहज जातात.

पहिला आक्षेप व्यवहारी लोकांचा. एवढ्या मोठ्या शहरांत चष्म्याचें एकही दुकान शिल्लक राहिलें नसेल काय? आंधळ्यासारखा चांचपडत कां होईना, त्यानें शोध करावा. ग्रंथालयांत मोठ्या ठशाचीं पुस्तकें असतील तीं आधीं वाचावीं. या आक्षेपाची थट्टा ‘फ्युचरामा’ नांवाच्या व्यंगचित्र-मालिकेंत १९९९ सालीं झाली. तेथील माणूस चष्मा फुटल्यावर ‘मोठा ठसा तर दिसतो’ असें म्हणतो, तों त्याचे डोळेच गळून पडतात. ‘ब्रेल येतें’ म्हणतो, तों हातही गळून पडतात. थोडक्यांत, ज्याचा घात व्हावा असें लेखकानें ठरविलें आहे त्याच्या मदतीस वाचकानें धांवून जाऊं नये!

याहून रंजक आक्षेप दृष्टिशास्त्राचा आहे, आणि तो आमच्या पुतण्यानें मांडला. त्याचें चष्म्याचें दुकान असल्यामुळें त्या रात्रीं त्यास पीठावर बसविल्यासारखेंच झालें होतें. बेमिसचीं भिंगें बाटलीच्या बुडासारखीं जाड आहेत. पण जाड भिंग दोन जातींचें असतें. ज्यास जवळचें दिसतें व दूरचें दिसत नाहीं अशा ह्रस्वदृष्टीच्या माणसास अंतर्गोल भिंग लागतें, आणि त्यामागें त्याचे डोळे मूळच्याहून लहान दिसतात. दीर्घदृष्टीच्या माणसास बहिर्गोल भिंग लागतें, त्यामागें डोळे मोठे दिसतात. आतां उणे दहा नंबरच्या माणसास चष्म्यावांचून दहा सेंटिमीटरवरचें, म्हणजे सुमारें चार इंचांवरचें अक्षर स्वच्छ दिसतें. तेव्हां बेमिस ह्रस्वदृष्टि असल्यास चष्मा फुटला तरी पुस्तक नाकाशीं धरून त्यानें अख्खें ग्रंथालय वाचून काढावें. रडण्याचें कारणच नाहीं. तो दीर्घदृष्टि असला तरच शोकान्त खरा. मग त्याचे डोळे भिंगामागें लहान दिसतात कीं मोठे, हें ठरविण्यासाठीं आमच्या घरीं तीनदां चित्र थांबवून पाहणें झालें. एकमत झालें नाहीं.

पुतण्या पुढें म्हणाला, “काका, दीर्घदृष्टि असला तरी हरकत नाहीं. जाड कागदाला टांचणीनें भोंक पाडायचें आणि डोळ्याशीं धरून त्यांतून पाहायचें.” लहानशा छिद्रांतून प्रकाशाचा बारीक किरणच आंत येतो, त्यामुळें भिंगावांचूनही प्रतिमा बरीच रेखीव पडते, मात्र उजेड लख्ख हवा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंगणांतील उन्हांत चष्मा काढून आम्हीं हा प्रयोग केला, आणि पंचांगांतील बारीक टीप खरोखरच वाचतां आली. चाळिशी लागलेल्या वाचकांनीं अवश्य करून पाहावा. शिवाय भिंगाचा तुकडा हेंही भिंगच असतें. फुटक्या चष्म्याचें एखादें मोठें शकल उचलून धरलें असतें तरी एकेक ओळ वाचतां आली असती. शाळेंत भौतिकशास्त्राच्या तासास पेंगलेला माणूस कसा फसतो त्याचें हें उदाहरण होय, असें आमच्या पुतण्याचें मत पडलें.

दुसरा पक्ष म्हणतो, चष्मा राहूं द्या, हा मनुष्य जगणारच कसा? येथें १९५९ चें वातावरण ध्यानांत घेतलें पाहिजे. हायड्रोजन बाँबची पहिली चांचणी अमेरिकेनें नोव्हेंबर १९५२ मध्यें केली. १ मार्च १९५४ रोजीं बिकिनी बेटावर जो बाँब उडविला त्याची राख, जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी जहाजावर पडली. त्यावरील २३ जण आजारी पडले व त्यांतील एक त्याच वर्षीं सप्टेंबरांत मरण पावला. अमेरिकन शाळांतून मुलांस बाकाखालीं दडण्याची कवाइत शिकविली जात होती. अशा प्रेक्षकांस ती वर्तमानपत्रांतील ठळक बातमी म्हणजे कल्पित गोष्ट वाटली नसणार. स्फोटानंतरच्या किरणोत्सर्गी राखेविषयीं एक स्थूल नियम आहे: काळ सातपट झाला कीं तिचा जोर एकदशांश होतो. म्हणजे पहिल्या तासाच्या मानानें सात तासांनीं दहावा हिस्सा व एकूणपन्नास तासांनीं शंभरावा हिस्सा. बेमिस त्या पोलादी खोलींत दोन दिवस दम धरून बसता तर कांहीं आशा होती. तो तर घड्याळ तडकल्यावर लगेच बाहेर आला. तेव्हां त्याचे ते जानेवारी-फेब्रुवारीचे ढीग कोणत्याही चष्म्यानें वाचून होणारे नव्हते, असें या पक्षाचें म्हणणें. शास्त्र म्हणून तें बरोबर असेल. परंतु नाटक पाहून उठल्यावर ज्यास प्रथम हें सुचतें त्याच्याविषयीं आम्हांस थोडी भीति वाटते.

खरा वाद तिसराच आहे. बेमिसनें असें कोणतें पाप केलें होतें? सर्लिंगच्या इतर पुष्कळ कथांत लोभ्यास, क्रूरास, अहंकाऱ्यास शासन होतें, आणि प्रेक्षक निश्चिंत मनानें झोपीं जातो. येथें शासन आहे. अपराध शोधावा लागतो. कोणी म्हणतात, सारें जग मेलें तरी पुस्तकें मिळालीं म्हणून जो टाळ्या पिटतो तो मनुष्यद्रोही होय. त्यावर दुसरे म्हणतात, त्यानें बायकोस हांका मारल्या, एकांतानें तो जीव देण्यास निघाला. द्रोही असा वागत नाहीं. हे लोक त्याच नटानें केलेल्या दुसऱ्या एका भागाचा दाखला देतात. २ जून १९६१ रोजीं दाखविलेल्या ‘द ऑब्सोलीट मॅन’ या भागांत मेरेडिथ हा एक ग्रंथपाल झाला आहे. पुस्तकें रद्द झालेल्या राज्यांत ‘निरुपयोगी’ म्हणून त्यास देहदंड होतो, पण तो अखेरपर्यंत ताठ मानेनें राहतो. ज्यानें ग्रंथपालास एवढा मान दिला तो वाचकास पापी ठरवील, हें संभवत नाहीं.

आमच्या मतें याचें उत्तर नाटकांत नसून नाटककाराच्या आयुष्यांत आहे. सर्लिंगचा जन्म १९२४ चा. शाळा संपतांच तो हवाई छत्रीधारी सैन्यांत दाखल झाला व फिलिपाइन्समध्यें लढला. तेथें लेयटे बेटावर त्याची तुकडी विश्रांति घेत असतां त्याचा एक विनोदी सोबती सर्वांस नकला करून हंसवीत होता. इतक्यांत विमानांतून शिधासामग्रीच्या पेट्या टाकण्यांत आल्या. त्यांतील एक पेटी नेमकी त्या सोबत्याच्या अंगावर पडून तो जागच्या जागीं ठार झाला. भुकेल्यांसाठीं आलेलें अन्न, आणि हंसविणाऱ्याचा मृत्यु! विशींतल्या मुलानें हें डोळ्यांदेखत पाहिल्यावर, जगांतील प्रत्येक घातामागें अपराध असतोच असें त्यास पुढें कसें वाटावें? पुढें १९५६ सालीं एका कृष्णवर्णी मुलाच्या खुनावरून स्फूर्ति घेऊन त्यानें लिहिलेलें नाटक जाहिरातदारांनीं ओळखूं येणार नाहीं इतकें बदलावयास लावलें. तेव्हांपासून तो परग्रहांच्या व भुताखेतांच्या आडून बोलूं लागला. सन १९७५ मध्यें तो वारला, तेव्हां त्याचें वय अवघें पन्नास होतें. वेळ त्यालाही पुरला नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या रात्रीं मोठ्या आवेशानें सांगितलें. नातवास तें पटलें. धाकटे बंधु कर्मविपाकाचा मुद्दा घेऊन बसले होते, तेही थोडे नरमले. एका गोष्टीवर मात्र सर्वांचें प्रथमपासून एकमत होतें, आणि अमेरिकेंतही त्यावर फारसा मतभेद नाहीं: ती हेलन दुष्ट होय. पुस्तकावर काट मारणारीस क्षमा नाहीं. आम्ही तर तिला ‘सरस्वतीची सवत’ अशी पदवीही देऊन चुकलों होतों.

आमची सौ. एवढा वेळ वातींसाठीं कापूस पिंजीत कोपऱ्यांत बसली होती. ती वर न पाहतां म्हणाली, “पुस्तक फाडलं तें वाईटच केलं तिनं. पण तो दिवसभर बँकेंत, आणि घरीं आला कीं पुस्तकांत. तिच्याशीं एक शब्द बोलायला वेळ होता का त्याला?”

कोणी कांहीं बोललें नाहीं. ती पुढें म्हणाली, “आणि वेळ नाहीं म्हणून रडणारा तो कांहीं पहिला नव्हे. त्याला निदान चोरून वाचायला तिजोरी तरी मिळाली.”

लग्न होऊन ती या घरांत आली १९८३ सालीं. घरांत लहानमोठीं चौदा माणसें, शिवाय आमच्याकडे शिकावयास राहिलेले दोन विद्यार्थी. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेंत शाळेंत बक्षीस मिळालेलीं चार पुस्तकें होतीं, हें आम्हांस ठाऊक होतें. कारण ट्रंक माळ्यावर ठेवतांना जड लागली म्हणून आम्हींच विचारलें होतें. तीं ट्रंकेंतून केव्हां बाहेर आलीं कीं आलींच नाहींत, हें मात्र आम्हीं पुन्हां कधीं विचारलें नाहीं. आम्ही स्वतः ताटाच्या डाव्या बाजूस पुस्तक उघडें ठेवून जेवणारे. पान न उलटतां हात पुढें केला कीं त्यांत ताकाची वाटी येत असे. निवृत्तीनंतर करावयाची आमची ती यादी आम्हीं तिला मोठ्या हौसेनें वाचून दाखविली होती. तिची कांहीं यादी असेल, ही शंकाही आम्हांस शिवली नव्हती.

सूनबाईंनीं विचारलें, “पण सासूबाई, आतां सहा वर्षें झालीं, स्वयंपाकघर मी पाहतें. आतां कां नाहीं वाचीत?”

“आतां कसलं वाचतें!” सौ. म्हणाली. “अक्षरांवर साय धरल्यासारखी दिसते.”

पुतण्यानें मान वर केली. तो उठला, विजेरी घेऊन तिच्यापाशीं गेला, आणि दोन्ही डोळ्यांत पाहून त्यानें एवढेंच विचारलें, “काकू, हें केव्हांपासून?” तीन वर्षें होऊन गेलीं होतीं. वर्तमानपत्र ती नातवाकडून वाचून घेई, तें आम्हीं लाड समजत होतों. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु होता, आणि उजवा चांगलाच पिकलेला होता. पुतण्याचें दुकान आमच्या घरापासून शंभर पावलांवर आहे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हल्लीं अर्ध्या तासाच्या आंत होते. डोळ्यांतील गढूळ झालेलें नैसर्गिक भिंग ध्वनिलहरींनीं फोडून शोषून घेतात व त्याजागीं कृत्रिम भिंग बसवितात. ही कल्पनाही महायुद्धांतूनच निघाली. वैमानिकांच्या कक्षेवरील आच्छादन फुटून त्याच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण कित्येकांच्या डोळ्यांत गेले. ते कण आंत राहिले तरी डोळा चिघळत नाहीं, असें हॅरोल्ड रिडली या इंग्रज शस्त्रवैद्याच्या ध्यानांत आलें. त्यावरून त्याच पदार्थाचें भिंग करून त्यानें १९४९ सालीं लंडनमध्यें तें प्रथम माणसाच्या डोळ्यांत बसविलें. हेन्री बेमिसचा चष्मा फुटला त्याच्या दहा वर्षें आधींची ही गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंस ही माहिती आम्हीं दवाखान्याच्या बाकावर बसून सांगितली. सांगतांना आमचे हात थरथरत होते, असें ते मागाहून म्हणाले.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नवरात्रापूर्वीं झाली, डाव्याची दिवाळीनंतर. माळ्यावरील ट्रंक नातवानें उतरविली. चार पुस्तकांपैकीं एकास कसर लागली होती. तीन धड निघालीं. तीं संपलीं, आणि आतां आमच्या कपाटाची पाळी आली आहे.

परवां दुपारीं आम्ही जेवावयास बसलों. सूनबाई बाहेर गेल्या होत्या. आम्हीं नेहमींप्रमाणें पानावरून नजर न काढतां हात पुढें केला; बराच वेळ वाटी आली नाहीं. वर पाहिलें तों सौ. समोर पाटावर बसून पुस्तकांत डोकें घालून होती. आम्हीं ताकाची आठवण केली.

“एवढं प्रकरण होऊं द्या,” असें उत्तर आलें.